कोरड्या येसाजीची फुंकणी

पोलादपूरहून घाटाकडे जो रस्ता फुटतो, त्याच्या कडेला एक वाडी आहे. त्या एवढ्याशा वाडीत येसाजी नावाचे तिघे. एक बकऱ्यांवाला, एक पोस्टातला आणि तिसरा कोरडा येसाजी. आपली गोष्ट या तिसऱ्याची. कोरडा म्हणजे स्वभावाने नव्हे हो, बोलायला बसला तर समोरच्याचे कान किटतील. कोरडा म्हणजे दारूला न शिवणारा.

यात त्याचा फार मोठेपणा होता असं समजू नका. ऐन स्वतःच्या हळदीच्या दिवशी मेहुण्यांनी आग्रह करकरून त्याला अर्धा पेला पाजला आणि त्याने तो तिथल्या तिथे सासऱ्याच्या कोऱ्या धोतरावर परत केला. तेव्हापासून नुसता वास आला तरी त्याच्या पोटात ढवळायचं. पण पोटाच्या तक्रारीतूनही माणसाचं नाव होतं ते असं. त्यात हा ड्रायव्हर. न पिणारा ड्रायव्हर सगळ्यांनाच हवा असतो. वऱ्हाड न्यायचं असो की बाळंतिणीला माहेरी सोडायचं असो, लोक आधी येसाजी मोकळा आहे का विचारायचे आणि मग दिवस धरायचे.

पुढे बयाबाईचं झालं आणि तक्रारीचं व्रत होऊन बसलं. बयाबाई वाडीतलीच म्हातारी, येसाजीची नात्याने कोणी नव्हे, पण त्याला नागडा खेळताना पाहिलेली. तिचा एकुलता एक लेक हमरस्त्याच्या कडेने चालत घरी येत होता. पिऊन तर्र झालेल्या एका गाडीवाल्याने त्याला उडवलं. तेराव्याला सगळे पांगल्यावर तिने येसाजीला जवळ बोलावलं आणि विचारलं, तू पितोस का रे? तो नाय म्हणाला. मग ती म्हणाली, बसलेच तर तुझ्या गाडीत बसेन, दुसऱ्या कोणाच्या नाय. याला अकरा वर्षं झाली. संक्रांतीचा पहिला तिळगूळ ती येसाजीच्या हातावर ठेवते आणि मग देवापुढे.

येसाजी चालवायचा ती बस महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना न्या-आण करणारी. बस कंत्राटदाराची, पण मुक्कामाला येसाजीच्या दारात. सकाळी सव्वासातला वाडीतून रिकामी निघायची, पोलादपुरात माणसं भरायची आणि साडेआठच्या आत गेटवर हजर. बाहेरचं माणूस घ्यायचं नाही असा नियम होता. पण वाडी ते पोलादपूर बसमध्ये होतं कोण? म्हणून दर शुक्रवारी बाजाराला जाताना बयाबाई दह्याची किटली मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची आणि नियम मागच्या सीटवर बसायचा.

दिवाळी झाली आणि कंत्राटदाराने सगळ्या बसमध्ये एक यंत्र बसवलं. स्टिअरिंगच्या बाजूला एक डबी, तिला नळी, वर मण्याएवढा कॅमेरा. नळीत फुंकल्याशिवाय गाडी चालूच व्हायची नाही. श्वासात दारू सापडली तर चावी कितीही फिरवा, गाडी ढिम्म. प्रत्येक फुंकेला कॅमेरा फोटो काढणार आणि तो महाडच्या ऑफिसात जाणार. गाड्यांचं सगळं बघणारा आमोद, महाडचाच शिकलेला मुलगा, त्याने ड्रायव्हरांना गोळा करून हे समजावलं. बाकीच्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. येसाजी मात्र खूश. चला, म्हणाला, आपण कोरडे आहोत याची आता रोज सरकारी पावती. सगुणाबाई, म्हणजे त्याची बायको, तिने ती नळी पाहिली आणि म्हणाली, ही तर फुंकणी! चुलीची नाय, गाडीची. झालं, वाडीभर तेच नाव पडलं.

पण गंमत तर पुढेच आहे. त्या फुंकणीला दारू सापडण्याआधी भरपूर वारा लागायचा. नळी तोंडात धरून पाच-सहा सेकंद, टीं असा आवाज थांबेपर्यंत, एका दमात फुंकायचं. मध्ये तुटलं की आतली बाई हिंदीतून सांगायची, हवा कम है, फिर से फूंकिए. आणि येसाजीकडे नेमकी हवाच नव्हती.

ते त्याला ठाऊक होतं, पण त्याने ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपासून वरच्या गोठ्याकडे चढताना तो वाटेत दोनदा थांबायचा, वाकायचा आणि चपलेतला खडा काढायचा. सगुणाबाई मागून यायची. चपलेत खडा नसायचा हे तिला दिसायचं, पण नवऱ्याचा खडा तिने कधी मोजला नाही. थंडीत सकाळी त्याची छाती जास्त आवळायची, शिट्टीसारखा आवाज यायचा. दुपार कलली की मोकळी व्हायची. त्यामुळे संध्याकाळी वसाहतीतून परत निघताना दुसऱ्या-तिसऱ्या फुंकेला त्याचं काम भागायचं. सकाळी मात्र पहिल्याच दिवशी पाच वेळा फुंकून त्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. सव्वासात वाजून गेले. यंत्रातली बाई हवा कम है, हवा कम है करत राहिली.

सगुणाबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून पाहायला आली. पायरीवर चढली, नवऱ्याच्या हातातली नळी काढून घेतली आणि फुंकली. पस्तीस वर्षं ओल्या लाकडांना पेटवणारी फुंक ती! टीं पुरतं वाजून थांबलं, हिरवा दिवा लागला, गाडी चालू. ती म्हणाली, निघा आता, आणि भाकरी उलटायला परत गेली.

एकदा म्हणून केलं ते रोजचंच झालं. बघा, हीच ती चूक. पण त्या दोघांना तेव्हा ती चूक वाटलीच नाही. फुंक कोरडी होती ना? नवरा कोरडा, बायको कोरडी. यंत्राला काय, त्याला दारू नाही हे कळल्याशी मतलब. लबाडी करायची तर पिणाऱ्याने करावी, न पिणाऱ्याच्या जागी न पिणाऱ्याने फुंकलं तर त्यात कसली लबाडी, असा त्यांचा हिशेब. आणि ऑफिसात हिरवा दिवा दिसला की फोटो कोण उघडून बघतो!

संक्रांतीनंतर आमोदने यंत्रात आणखी एक सोय चालू केली. आता गाडी चालू असतानाही ते मध्येच कधीतरी विचारणार. निघताना दुसऱ्याकडून फुंकून घेणारे असतात ना, त्यांच्यासाठी. विचारल्यावर पाच मिनिटांत गाडी बाजूला घेऊन फुंकलं नाही तर चारही दिवे लुकलुकणार, भोंगा वाजणार आणि ऑफिसात निरोप जाणार.

तो सोमवार होता. पोलादपूर सोडून महाडच्या रस्त्याला लागले आणि यंत्रातली बाई बोलली. येसाजीने बस नीट कडेला घेतली, हे त्याचं सांगायलाच हवं. मग फुंकलं. हवा कम है. परत फुंकलं. हवा कम है. बसमध्ये एकतीस माणसं, माना उंच करून बघतायत. येसाजीने नळी मागे धरली, म्हणाला, कोणीतरी एक फुंक मारा रे. आता एकतीसांत एक तरी उठावा की नाही? पण आदल्या रात्री पोलादपुरात एकाच्या हळदीचं जेवण झालेलं. जो तो खिडकीबाहेर बघायला लागला. राजेश म्हणून एक पोरगा येसाजीच्या अगदी पाठीमागेच बसायचा, रोज मामा-मामा करणारा. तो हळूच म्हणाला, "मामा, काल हळद होती ना."

आणि भोंगा सुरू झाला. भर हमरस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू होऊन बघतायत आणि कोरड्या येसाजीची बस दारुड्यासारखी बोंबलतेय.

आमोद मोटारसायकलवर आला, माणसांना दुसऱ्या बसने पाठवलं आणि येसाजीला ऑफिसात नेलं. तिथे त्याने मागचे फोटो उघडले. रोज संध्याकाळी येसाजी. रोज सकाळी सगुणाबाई. एका फोटोत डोक्यावर पदर, एकात हाताला पीठ, एकात गालात मिसरी, एकात काखेत नातू स्वराज आणि त्याचाही हात नळीकडे. आमोदला हसू येत होतं ते त्याने दाबलं. मग गंभीर होऊन म्हणाला, वास तर येत नाहीये, पण हे काय आहे ते तुम्ही सांगा. त्याने एक कागद पुढे केला. त्यावर दोनच चौकटी. मद्य आणि आजार. मद्य असेल तर पहिली वेळ म्हणून पंधरा दिवस घरी, मग हमीपत्र देऊन पुन्हा कामावर. आजार असेल तर आजपासून गाडी बंद, डॉक्टर काय म्हणेल ते खरं.

येसाजीने दोन्ही चौकटींकडे पाहिलं. वय चोपन्न. स्टिअरिंगशिवाय दुसरं काही येत नाही. छातीचं नाव काढलं की संपलं, आजारी ड्रायव्हरला कोण उभं करतं? दारुड्याला मात्र पंधरा दिवसांत माफी आहे. तोवर थंडीही सरेल, छाती सुटेल. अजब कारभार, पण कागदावर तसंच होतं. त्याने पेन उचललं आणि मद्यावर खूण केली. खाली सही केली.

वाडीत बातमी त्याच्या आधी पोचली. पांडू, त्याचा चुलतभाऊ, वीस वर्षं येसाजीच्या कोरडेपणाचे टोमणे ऐकून कावलेला. तो बांधावर वाटच बघत होता. अखेर भिजलास म्हणायचं, म्हणाला, आता रविवारी आमच्यात बस. आणि त्याने इतक्या प्रेमाने येसाजीच्या पाठीवर थाप मारली की येसाजीला खोकल्याची उबळ आली. खोकत खोकतच तो घराकडे वळला. न बोलणं म्हणजे कबुली, हे पांडूला पुरतं कळलं.

घरात सगुणाबाईने त्याला पाणी दिलं नाही. ती आधी उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मी फुंकलं ते तुमची गाडी चालावी म्हणून. तुमचं नाव जावं म्हणून नाय." त्याने समजावलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, लोक विसरतात, नोकरी राहते. ती म्हणाली, लोक जेवण विसरतात, नाव नाय विसरत. मग चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. पुढच्या महिन्यात एक वरात होती, त्यांचा निरोप आला की नवरदेवाच्या गाडीला दुसरा माणूस बघितलाय, तुम्हाला त्रास नको. त्रास नको! लोक किती गोड बोलून माणसाला मोडीत काढतात.

एवढं सगळं येसाजीने गिळलं. मग शुक्रवार उजाडला.

बदली ड्रायव्हर दारातून बस घेऊन गेला. थोड्या वेळाने येसाजी काही कामाने मोटारसायकलवर निघाला, तर वळणापुढे बयाबाई चाललेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दह्याची किटली, एक हात वर धरलेला. सत्तरी ओलांडलेली बाई, पोलादपूर तिथून तीन किलोमीटर. बदली माणसाच्या बसमध्ये ती बसली नव्हती. येसाजीने गाडी तिच्या बाजूला लावली आणि म्हणाला, बस बये, सोडतो.

ती थांबली. किटली सावरत तिने त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू पन, येसू?" ती म्हणाली. आणि चालायला लागली.

त्याला म्हणायचं होतं, नाय गो, खोटं हाय ते. पण छाती अशी आवळली की शब्दच फुटेना. तो गाडीवर वाकून श्वास ओढत राहिला आणि म्हातारी वळणाआड गेली. अकरा वर्षं जिने आपल्या लेकाच्या मरणानंतर एकाच माणसावर भरवसा टाकला, तिला त्याने एका खुणेसाठी डोक्यावर ओझं घेऊन चालायला लावलं होतं. तिथे त्याला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन रडला, आणि रडायलासुद्धा दम पुरेना.

तिथून तो घरी गेला नाही, थेट महाडला गेला. आमोदसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, कागद परत द्या. मी दारू प्यायलो नव्हतो. मला दम नाय."

आमोदने सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून यंत्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि पानं उलटत बसला. शेवटी एका पानावर थांबला आणि कपाळाला हात लावला. ज्यांची छाती कमजोर आहे त्यांच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर फुंकेची मर्यादा कमी करता येते, असं त्यात लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून. ते पान कोणी उलटलंच नव्हतं. आमोद म्हणाला, मामा, पहिल्याच दिवशी बोलला असतात तर. येसाजी म्हणाला, पहिल्याच दिवशी तुम्ही वाचलं असतंत तर. दोघंही खरं बोलत होते.

मद्याची खूण खोडली गेली. पण दुसऱ्याकडून फुंकून घेतल्याबद्दल महिनाभर घरी, हे आमोदने लावलंच, आणि ते रास्त होतं. महाडच्या डॉक्टरांनी छाती तपासली, दमा आहे म्हणाले, तोंडात मारायचा पंप दिला. औषध नीट घेतलं तर गाडी चालवता येईल, महिन्याने बघू. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, बसमध्ये माणसं किती असतात? येसाजी म्हणाला, एकतीस. ते म्हणाले, आणि हमरस्त्यावर एखाद्या सकाळी श्वास अडकला असता तर? इतके दिवस येसाजीने आपल्या सीटचा विचार केला होता, मागच्या एकतीस सीटांचा नव्हता. पिणाऱ्यांना तो जन्मभर जे ऐकवत आला, तेच आज त्याला ऐकावं लागलं.

संध्याकाळी तो बयाबाईच्या अंगणात गेला आणि खाली मान घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. खडा सांगितला, फुंकणी सांगितली, चौकटी सांगितल्या. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"म्हंजे दारुड्या म्हनवून घ्यायचा दम होता तुला," ती म्हणाली, "आन् दमा हाय म्हनायचा नव्हता?"

तो तिच्या पुढ्यातल्या शेंगा सोलायला लागला. तिने त्याला सोलू दिल्या.

महिनाभर येसाजी पंप घेत होता आणि सकाळची चूल पेटवत होता. सगुणाबाईनेच त्याला बसवलं. गालाने नाय, पोटातून फुंका, असं सांगून ती शेजारी पीठ मळायची. पहिल्या आठवड्यात घरभर धूर झाला. मग डॉक्टरांना हे कळलं आणि त्यांनी दोघांनाही झाडलं, दम्याच्या माणसाला धुरात बसवता? मग गार चुलीवर, नुसत्या राखेत फुंकणी चालली. राख सगळ्या भांड्यांवर जाऊन बसली, सगुणाबाईने ती पुन्हा घासली. वाडीत पांडू अजून त्याला रविवारचं बोलावणं करायचा. कागदावरची खूण खोडता येते, पांडूची कोण खोडणार!

महिन्याने डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आमोदने मर्यादा कमी केली, बस पुन्हा दारात आली. पहिला दिवस नेमका शुक्रवार. डॉक्टरांनी बजावलं होतं की पंपातल्या औषधालाही यंत्र कधी कधी दारू समजतं, तेव्हा पंप घेऊन चूळ भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. म्हणून येसाजी सात वाजताच बसच्या पायरीवर घड्याळ बघत बसला. बयाबाई किटली घेऊन आली, त्याला ओलांडून वर चढली आणि आपल्या सीटवर बसली. सव्वासात झाले तशी सगुणाबाई सवयीने हात पुसत आली, एक पाय पायरीवर ठेवला, मग तिच्या लक्षात आलं आणि ती तिथेच थांबली.

येसाजीने नळी तोंडात धरली. टीं वाजलं, अर्ध्यात तुटलं. हवा कम है.

त्याने सगुणाबाईकडे पाहिलं नाही. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. मागून म्हातारीचा आवाज आला.

"दम धर, येसू. काय घाई नाय."

त्याने दम धरला. मग पोटातून, सावकाश फुंकलं. टीं वाजत राहिलं, वाजत राहिलं आणि थांबलं. हिरवा दिवा लागला. सगुणाबाईने पायरीवरचा पाय खाली घेतला.

"चल आता," बयाबाई म्हणाली, "दही आंबतंय माझं."